ऐंशीचा वेग

खोक्यावर पितळी पट्टी: दोनशे पन्नासातलं एकशे बारावं.
तबकड्या वाजवायचं यंत्र, आणि किंमत
माझ्या सातपूरच्या शेवटच्या चार वर्षांच्या पगाराएवढी.
मृण्मयीताई गायधनी, भूलतज्ज्ञ, गंगापूर रोड, सहावा मजला.
फोनवर म्हणाल्या, लेव्हल करून द्याल का, काका?
दुकानवाला मुलगा मोबाइल ठेवून लेव्हल बघत होता,
मी त्याला हात लावू दिला नाही.

मी टूलरूमचा माणूस.
डायल गेज फडक्यात गुंडाळून नेला.

अकरा किलोची थाळी.
आधी ओतलेली, मग कातलेली,
कड अशी की नख अडत नाही.
पट्टा नाही, पुली नाही,
मोटरच्या आसावरच थाळी बसते थेट.
मधे कुणीच नाही
ज्याच्यावर खापर फोडावं.

गेज लावला, थाळी हातानं फिरवली.
काटा हलला नाही.
पुन्हा फिरवली.
पस्तीस वर्षं मी त्याला हलू नकोस म्हणत आलो,
आज न सांगता ऐकलं त्यानं.

मग बटण. आवाज नाही, थरथर नाही.
कडेला ठिपक्यांची रांग, शेजारी इवलासा दिवा;
वेग बरोबर असला की ठिपके उभे राहतात.
उभे राहिले.
अकरा किलो गरगरत होतं
आणि ठिपके जागचे हलत नव्हते.

ताईंनी कपाटातून एक तबकडी आणली.
दुतोंड्याच्या गळ्याला पाणी लागलं त्या वर्षी
भांडी बाजारातून वाचलेली.
लेबल पुरानं नेलं, मधे नुसतं भोक
आणि भोकाभोवती गोदेच्या गाळाची फिकट कड.
बाबांच्या क्लासातली, म्हणाल्या,
काय आहे माहीत नाही. गाणं असेल.

मला माहीत होतं.

सुई टेकली. आधी गाळ बोलला, करकर.
मग सर:
महोदय,
आपल्या दिनांक सतराच्या पत्रास अनुसरून
कळविण्यात येते की

मराठी लघुलिपी, वेग ऐंशी.
भांड्यांच्या दुकानावर लाकडी जिना,
वर पंचवीस बाकं, खाली तांबटांच्या हातोड्या.
(त्याही आल्या होत्या तबकडीत, खूप खाली,
टण् टण्, सरांच्या श्वासाच्या मागे.)
चाचणीत मी तीनदा पडलो.
सरांनी फॉर्मवर सही केली नाही,
मी आयटीआयला गेलो.

आईला सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं,
पोरांनाही सांगून झालं:
क्लासातला प्लेयर पळायचा.
पुलीला चिकटपट्टी गुंडाळली होती कुणीतरी,
मी स्वतः बघितली होती.
ऐंशी म्हणून नव्वदनं वाचायचा तो,
नाहीतर आज मंत्रालयात असतो.
चिकटपट्टी होती, हे खरं आहे.
अजूनही खरं आहे.

माझं बोट गुडघ्यावर लिहायला लागलं होतं.
हलकी रेघ, जाड रेघ, वर टिंब.
महोदय घेतलं.
दिनांक घेतलं, सतरा घेतलं.
अनुसरूनपाशी पोचलो
तेव्हा सर उचित कार्यवाहीवर होते.
तिथंच.
अगदी तिथंच, त्याच शब्दाला.

ठिपके उभे.

ताई डोळे मिटून ओठांनी आकडे मोजत होत्या,
टेबलावरच्या माणसाला मोजायला सांगतात तसे,
उलटे.
मग म्हणाल्या, काका, वेग बरोबर आहे ना?
बाबा जरा सावकाश बोलतायत असं वाटतं.

मी वाकून कडेकडे पाहिलं,
पाहायची गरज नव्हती तरी.
बरोबर आहे, म्हणालो.
गेज पुसला, फडक्यात गुंडाळला.
एका हातानं,
कारण दुसऱ्याचं बोट अजून गुडघ्यावर
कार्यवाहीच्या मागं धावत होतं.